परतीच्या वाटेवरची पाहणी : लहान मुलांसह वर्धा जिल्ह्यात

डिसेंबर उजाडला की विदर्भातील अनेक घरांची दारे परदेशातून येणाऱ्या लेकी-सुनांसाठी उघडतात. तीन आठवड्यांची रजा, दोन लग्ने, एक मुंज, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि उरलेल्या वेळात देवदर्शन, अशी ती धावपळ असते. गेल्या दोन दशकांत या धावपळीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. काही कुटुंबे आता केवळ भेटीसाठी येत नाहीत. 'परत येऊन इथे राहता येईल का?' हा प्रश्न मनात घेऊन येतात. आईवडील थकलेले असतात, वडिलोपार्जित घर बंद पडलेले असते आणि मुले चार-सहा वर्षांची असतात. निर्णय घ्यायचा तर मुलांची शाळा पक्की होण्याआधीच, असेही वाटत असते.

या विचारात एक बाब हमखास निसटते. आईवडिलांच्या दृष्टीने ही 'परत' येण्याची गोष्ट असली, तरी न्यू जर्सीत, सिडनीत वा दुबईत जन्मलेल्या मुलांच्या दृष्टीने तो सर्वस्वी नवा देश असतो. मुले परत येत नाहीत. ती प्रथमच येतात. म्हणून पाहणीसाठी आलेल्या कुटुंबाने मुलांसह कोठे जावे, काय दाखवावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय पाहावे, याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. वर्धा जिल्ह्यापुरती ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

बाहेरून आलेल्यांचा जिल्हा

वर्धा जिल्हा तसा आकाराने लहान. नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये तो वेगळा झाला. आज त्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. मात्र अन्य मुलुखांतून येऊन येथे घर करणाऱ्यांची परंपरा या जिल्ह्याइतकी फार थोड्या ठिकाणी आढळेल. साबरमती सोडलेले गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगावात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने पुढे १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. इंग्लंडमधील मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, येथे राहिल्या. श्रीलंकेतील जाफन्याचे आर्यनायकम आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून येथे आले आणि नई तालीमचे काम त्यांनी उभे केले. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटण्यास वर्ध्यात आले होते.

याउलट, जाऊ पाहणाऱ्याला थांबवल्याची कथाही येथलीच. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेले वर्ध्याचे तरुण अर्थशास्त्रज्ञ ठाकूरदास बंग गांधीजींचा आशीर्वाद घेण्यास गेले. भारताचे अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेपेक्षा खेड्यात जा, असे गांधीजींनी त्यांना सुचवले आणि बंग यांनी तो सल्ला मानला. ही हकीकत त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितली आहे. डॉ. बंग स्वतः पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शिक्षण आटोपून १९८४ मध्ये परतले आणि पुढे गडचिरोलीत स्थिरावले.

ही उदाहरणे स्फूर्तिदायक खरीच. पण ही सर्व प्रौढ माणसे होती आणि आपला निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता, हे विसरता कामा नये. मागच्या बाकावर झोपलेल्या पाच वर्षांच्या मुलाने असा कोणताही निर्णय घेतलेला नसतो. त्याच्या वतीने तो घेणाऱ्यांनी निदान डोळे उघडे ठेवून फिरावे.

अर्धी सहल पाहुण्याची, अर्धी रहिवाशाची

पाहणी-भेटीतील नेहमीची चूक अशी, की मुलांना आवडेल तेच दाखवले जाते. वाघाचे जंगल, हत्तीची सवारी, मामाच्या मोटारीतून फेरी आणि रोज नवे खेळणे. मूल आनंदाने 'इथेच राहू' म्हणते, आणि जून महिन्यात शाळा सुरू झाली की त्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. काही घरी याच्या नेमके उलट घडते. सारा मुक्काम नातेवाइकांच्या दिवाणखान्यात जातो, मूल आजारी पडते आणि 'भारत म्हणजे पोटदुखी' एवढेच त्याच्या मनात उरते.

यावर साधा उपाय आहे. जितके दिवस पर्यटनासाठी ठेवाल, तितकेच दिवस रोजच्या जगण्यासाठी ठेवा. एक दिवस बोरच्या जंगलात गेला, तर दुसरा दिवस भाजीबाजारात, दवाखान्यात आणि शाळेच्या फाटकाशी जाऊ द्या. दहा दिवसांच्या मुक्कामात चार सहली, चार साधे दिवस आणि दोन दिवस पूर्ण विश्रांती ही विभागणी लहान मुलांना झेपते. पहिल्या दोन दिवसांत कोणतीही सहल ठेवू नये. वेळेतील फरकामुळे मूल पहाटे तीनला जागे होते आणि दुपारी जेवतानाच झोपते. त्या स्थितीत पाहिलेले काहीच त्याला रुचत नाही.

ऋतू : कोणता वर्धा पाहणार?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरण्यास उत्तम काळ. सकाळी स्वेटर, दुपारी कोवळे ऊन, संत्र्यांचा हंगाम, शेतात कापूस आणि तूर. पण हा वर्ध्याचा वर्षातील सर्वांत गोड चेहरा आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, घराघरांत कूलर धडधडत असतात आणि मुलांना अकरा ते पाच घराबाहेर पडू दिले जात नाही. या उन्हामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा, जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात.

म्हणून निर्णय खरोखर घ्यायचा असेल तर दोन भेटी द्याव्यात. एक हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात. दुसऱ्या भेटीसाठी संपूर्ण कुटुंबाने यावे असे नाही, आणि अगदी तान्ह्या मुलाला मे महिन्यात आणणे टाळावेच. पण जे मूल शाळेत जाणार आहे, त्याने एकदा तरी येथला उन्हाळा अंगावर घ्यावा. पंख्याखाली काढलेली ती एक दुपार बरेच काही सांगून जाते.

कसे पोहोचावे

सर्वांत सोयीचा विमानतळ नागपूरचा. तो वर्धा मार्गावरच असल्याने शहरात न शिरता थेट निघता येते. नागपूर-वर्धा अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. बुटीबोरी, सेलडोह, केळझर, सेलू आणि पवनार अशी गावे वाटेत लागतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्थानके आहेत. मुंबई-हावडा मार्गावरील अनेक गाड्या वर्ध्यास थांबतात, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरील गाड्यांसाठी सेवाग्राम पाहावे. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट तपासावे.

मोटारीबाबत एक सूचना. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना सीटबेल्ट किंवा बालआसन बंधनकारक आहे. तथापि भाड्याच्या मोटारीत बालआसन सहसा मिळत नाही. ते सोबत आणावे किंवा नातेवाइकांकडून आधी व्यवस्था करून घ्यावी. 'इथे कोणी लावत नाही' हे उत्तर घरातून येईल. ते ऐकून सोडून द्यावे.

आणखी एक गोष्ट विमानतळावरच लक्षात ठेवण्याजोगी. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. परदेशी बाटली भेट म्हणून सोबत आणू नये.

सेवाग्राम आश्रम

वर्धा शहरापासून आठ किलोमीटरवर असलेला सेवाग्राम आश्रम लहान मुलांसाठी अपेक्षेपेक्षा अधिक अनुकूल आहे. येथे उंच जिने नाहीत, वाहनांची वर्दळ नाही, मोठी झाडे आहेत आणि झोपड्या मुलांच्या मापाच्या वाटाव्यात इतक्या बुटक्या आहेत. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी, आखरी निवास, महादेवकुटी आणि परचुरे कुटी या मुख्य वास्तू होत. कुष्ठरोगाने पीडित असलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत, हा प्रसंग सहा-सात वर्षांच्या मुलालाही समजतो.

मुलांना इतिहास सांगण्याच्या भरात तारखांची यादी वाचू नये. त्याऐवजी वस्तू दाखवाव्यात. येथे एका कोपऱ्यात जुना दूरध्वनी आहे. साप पकडून दूर सोडून देण्यासाठी वापरला जाणारा पिंजरा आहे. साप मारायचा नाही, असा येथला दंडक होता. मातीच्या भिंतीवर मीराबेनने उठवलेली झाडांची नक्षी आहे. 'एवढ्या खोलीत एवढी माणसे कशी बसत असतील?' हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते. त्याचे उत्तर लगेच देण्याची घाई करू नये.

संध्याकाळी पिंपळाखालच्या मोकळ्या जागेत प्रार्थना होते. वीस-पंचवीस मिनिटे शांत बसणे चार वर्षांच्या मुलाला जड जाते. मागच्या बाजूस बसावे आणि कंटाळा आल्यास निमूटपणे उठून झाडांकडे न्यावे. समोरच्या यात्री निवासात राहण्याची साधी सोय आहे. एक रात्र तेथे काढल्यास पहाटेच्या पक्ष्यांचा आवाज आणि लवकर झोपण्याची सवय, दोन्हींचा अनुभव येतो.

पवनार, गीताई मंदिर आणि स्तूप

नागपूर मार्गावर धाम नदीच्या काठी पवनार आहे. विनोबा भावे १९३८ मध्ये येथे आले. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच देह ठेवला. पवनार म्हणजेच वाकाटकांची प्रवरपूर राजधानी, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. आश्रमाच्या आवारात जमीन खणताना सापडलेली प्राचीन शिल्पे तेथेच मांडून ठेवली आहेत. 'शेत खणता खणता देव सापडले' ही गोष्ट मुलांना विलक्षण आवडते.

नदीतील काळे खडक फोटोसाठी मोहक असले, तरी ते निसरडे आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे मुलांना पाण्याजवळ नेऊ नये, आणि एरवीही हात सोडू नये.

वर्धा शहरालगत गोपुरी परिसरात गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप एकाच फेरीत पाहता येतात. गीताई मंदिराला छत नाही, मूर्तीही नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय उभ्या दगडी शिळांवर कोरलेले आहेत. परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत अक्षरे गिरवणाऱ्या मुलांसाठी याहून चांगले पुस्तक नाही. 'क' शोधा, 'म' शोधा, असा खेळ लावला की मूल शिळेवरून बोट फिरवत अर्धा तास रमते. फुजी गुरुजींच्या प्रेरणेतून उभा राहिलेला पांढरा स्तूप मोकळ्या मैदानात आहे. धावण्यासाठी येथे भरपूर जागा आहे, आणि वर्ध्यासारख्या गावात लहान मुलांसाठी धावण्याची जागा कोठे आहे हे पाहणेही या दौऱ्याचाच भाग आहे.

बोंडापासून कापडापर्यंत

वर्धा हा कापसाचा मुलूख. मुलांना एका सूत्रात बांधून दाखवता येईल अशी ही गोष्ट आहे. सकाळी एखाद्या नातेवाइकाच्या शेतात जावे. नोव्हेंबर ते जानेवारीत कापसाची वेचणी सुरू असते. फुटलेले बोंड मुलाच्या हातात द्यावे, सरकी काढायला लावावी. मग दुपारी वर्ध्यातील मगनवाडीत यावे. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगांचे काम ज्या परिसरातून चालवले, तोच हा परिसर. विविध प्रकारचे चरखे, ग्रामोद्योगांची साधने आणि खादी येथे पाहावयास मिळते. सकाळी हातात धरलेला कापूस आणि दुपारी पाहिलेले सूत यांची सांगड मूल आपोआप घालते.

परतताना गोरस भांडारातील गोरसपाक घ्यावा. गाईच्या तुपातील हा खुसखुशीत पदार्थ वर्ध्याची ओळख आहे आणि तिखटाला घाबरणाऱ्या मुलांचा तो तारणहार ठरतो.

शेतावर गेलेच, तर एक अवघड गोष्टही टाळू नये. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धाही होता. हे लहान मुलांना सांगण्याचे कारण नाही. पण ज्या आईवडिलांच्या मनात 'गावी जाऊन शेती करू' असे चित्र आहे, त्यांनी मूल बांधावर खेळत असताना शेतमालकाला यंदाचा खर्च आणि मिळालेला भाव यांचा हिशेब अवश्य विचारावा.

केळझर, गिरड आणि बोर

केळझर हे वर्धा-नागपूर मार्गावरील गाव. येथील टेकडीवर गणपतीचे मंदिर आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी लोकांची श्रद्धा आहे. गाडाभर अन्न खाणाऱ्या राक्षसाची गोष्ट आदल्या रात्री आजीकडून ऐकवावी आणि दुसऱ्या दिवशी टेकडी चढावी.

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक येथे येतात. टेकडीवर गोलसर, सुपारी-जायफळासारखे लहान दगड विखुरलेले दिसतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी दंतकथा त्याविषयी आहे. ती ऐकून प्रत्येक मूल खाली वाकते. दगड खिशात भरून आणण्यापेक्षा जागीच मोजावेत.

सेलू तालुक्यातील बोर हे अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. हिंगणीमार्गे बोरधरणला जाता येते. पावसाळ्यात सफारी बंद असते. इतर काळातील सुट्टीचा वार, लहान मुलांविषयीचे नियम आणि आरक्षण यांची चौकशी निघण्यापूर्वी करावी. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी बोचते. कानटोपी आणि पांघरूण विसरू नये. वाघ दिसेलच असे वचन मुलाला देऊ नये. चितळ, सांबर, मोर आणि धरणाचे पाणी एवढेही पाच वर्षांच्या मुलाला पुरेसे असते, मात्र मोठ्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसता कामा नये.

तान्हा पोळा

श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा 'तान्हा पोळा' भरतो. मुले नटूनथटून लाकडी बैल ओढत आणतात आणि घरोघरी त्यांना खाऊ वा पैसे मिळतात. वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. माणसाहून उंच असे लाकडी नंदी तेथे पाहावयास मिळतात.

भेटीचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येत असतील, तर हा एक सण चुकवू नये. येथे मूल प्रेक्षक नसते. चुलत भावंडांचा एक लाकडी बैल उसना घेऊन दोरी हातात दिली की ते रांगेत उभे राहते. भाषा न येणाऱ्या मुलालाही या रांगेत जागा मिळते. ते कोणाशी बोलते, कोण त्याला बोलावते, हे आईवडिलांनी दुरून पाहावे. दहा नातेवाइकांची मते ऐकून जे कळणार नाही, ते त्या तासाभरात कळते.

रोजच्या जगण्याच्या फेऱ्या

आता सहलींच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी. या फेऱ्यांना तिकीट नसते आणि त्यांचे फोटोही कोणी काढत नाही.

* बाजार : सकाळी पिशवी घेऊन मुलासह भाजी आणावी. गर्दी, गाई, दुचाकींचे भोंगे यांना मूल कसे सामोरे जाते ते पाहावे.
* एसटीचा प्रवास : वर्धा ते सेवाग्राम किंवा सेलूपर्यंत एकदा एसटीने आणि एकदा ऑटोने जावे. सदैव मामाच्या मोटारीतून फिरल्यास जिल्हा दिसतो, पण अंतर समजत नाही.
* शाळा : पूर्वपरवानगी घेऊन दोन-तीन शाळांना भेट द्यावी. डिसेंबरच्या अखेरीस स्नेहसंमेलनांमुळे वर्ग नियमित नसतात, जानेवारीत जावे. सेवाग्राममध्ये नई तालीम समितीने २००५ मध्ये सुरू केलेले आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा आहे. शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून शिक्षण देण्याची पद्धत तेथे पाहता येते. इंग्रजी माध्यमाच्या शाळाही पाहाव्यात. कोणत्याही शाळेत एका वर्गात किती मुले आहेत, शौचालय कसे आहे आणि मधल्या सुट्टीत मुले कोणती भाषा बोलतात, हे तीन प्रश्न विचारावेत.
* दवाखाना : सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झाले. सावंगी (मेघे) येथेही मोठे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. एवढ्याशा शहराच्या परिसरात दोन वैद्यकीय महाविद्यालये असणे ही वर्ध्याची मोठीच जमेची बाजू आहे. मूल निरोगी असतानाच एखाद्या बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी.
* स्वयंपाक : निदान तीन दिवस स्वतः शिजवून, धुणीभांडी स्वतः पाहून राहावे. नातेवाइकांच्या पाहुणचारात घर चालवण्याचे श्रम दिसत नाहीत.

भाषा आणि खाणे

घरात मराठी बोलणाऱ्या मुलांनाही येथे पहिले दोन दिवस गोंधळल्यासारखे होते. येथे मुलांना 'पोट्टे' म्हणतात, 'का' ऐवजी 'काहून' विचारतात आणि 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. शहरात हिंदीही सर्रास बोलली जाते. आपल्या मुलाचे उच्चार ऐकून भावंडे हसतील. त्यांना दटावण्यापेक्षा मुलालाच दोन वऱ्हाडी शब्द शिकवावेत. मग तेही हसण्यात सामील होते. राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे केले आहे. इंग्रजी शाळा निवडली तरी मराठी वाचन-लेखन टळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

येथला तर्री-पोहा, सांबारवडी, पाटवडी आणि गोळाभात मोठ्यांसाठी मेजवानी असली तरी मुलांसाठी तिखट असते. वरण-भात-तूप, ज्वारीची भाकरी आणि दूध, ताजी संत्री यांवर मुले छान राहतात. पाणी उकळलेले किंवा गाळणीयंत्राचे द्यावे, बर्फाचा गोळा टाळावा आणि क्षारसंजीवनीची पाकिटे पिशवीत ठेवावीत. डासांसाठी मच्छरदाणी हा अजूनही उत्तम उपाय आहे. निघण्यापूर्वी सहा आठवडे आधी बालरोगतज्ज्ञांकडून लसी तपासून घ्याव्यात. विशेषतः विषमज्वर आणि कावीळ-अ यांच्या लसी आणि अमेरिकेसारख्या देशांत सहसा न दिली जाणारी बीसीजी यांविषयी विचारावे. संध्याकाळनंतर शेतात वा अंगणात जाताना बूट आणि विजेरी हवीच.

कागदपत्रांची बाजू

परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलांसाठी ओसीआय कार्ड उपयोगी पडते. जुनी पीआयओ योजना जानेवारी २०१५ मध्ये त्यातच विलीन झाली. या कार्डाने दीर्घकाळ राहता व शिकता येते. मात्र ते नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. वीस वर्षे वयापर्यंत मुलाचा पासपोर्ट जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा त्याची प्रत व नवे छायाचित्र संकेतस्थळावर सादर करावे लागते. पहिलीच्या प्रवेशासाठी वयाची सहा वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तके भेटीच्या वेळीच सोबत ठेवल्यास शाळांशी बोलणे नेमके होते.

शेवटी मुलाला विचारताना

परतीच्या विमानात बहुतेक आईवडील एकच प्रश्न विचारतात, 'आवडले का?' लहान मूल अशा प्रश्नाला आईचा चेहरा पाहून उत्तर देते. त्याऐवजी रोज रात्री तीन छोटे प्रश्न विचारावेत. आज सगळ्यांत मजा कशात आली? कशाची भीती वाटली? उद्या पुन्हा काय करायचे आहे? उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत. लिहिता न येणाऱ्या मुलाने चित्र काढावे. दहा दिवसांनी ती वही वाचली की काही गोष्टी स्पष्ट होतात. मोठ्यांना ऐतिहासिक वाटलेल्या कुटीपेक्षा मुलाला सापाचा पिंजरा आठवतो, आणि वाघाच्या जंगलापेक्षा आजोबांच्या सायकलवरून आणलेले दूध.

'नको' हे उत्तरही नोंदवावे. त्यामुळे निर्णय फिरवलाच पाहिजे असे नाही. घर कोठे करायचे हे अखेर मोठ्यांनीच ठरवायचे असते. पण शौचालयाची भीती वाटली, मुले हसली, आजीचे बोलणे समजले नाही, ही कारणे वहीत असतील, तर त्यांतील निम्म्यांवर येण्यापूर्वीच उपाय करता येतो. आणि वर्षभर थांबून पुन्हा एकदा येऊन पाहावे असे वही सांगत असेल, तर थांबावे. आजीचे घर तेवढे दिवस वाट पाहते.